पर्यावरण कोणाचे? ज्याच्याकडे वही त्याचे



सभेत 'पर्यावरण' हा शब्द निघाला की मागच्या रांगेतली माणसे तंबाखू मळायला बाहेर जातात, हे आम्ही बरीच वर्षे पाहतो आहोत. त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. शेतकऱ्याच्या कानावर हा शब्द नेहमी दुसऱ्याच्या तोंडून आला. ५ जूनला कोणी साहेब खड्ड्यात रोप लावून फोटो काढतात, आणि खड्डा मागच्या सालचाच असतो. नाहीतर शहरातले कोणी विद्वान येऊन सांगतात की तुम्ही खते टाकून माती मारली, औषधे फवारून पाणी नासवले, बोअर पाडून जमिनीची चाळण केली. कापसाला भाव मागायला गेलो तर आपण देशाला परवडत नाही, आणि पर्यावरणाची गोष्ट निघाली तर आपण आरोपी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी अशातली ही गत आहे.

तरीही या अंकात आम्ही हा विषय मुद्दाम घेतो आहोत. विषय खोटा नाही. तो चुकीच्या हातात गेला आहे, एवढेच.

शिक्षणखात्यात त्याला आता मानाचे पान आहे. १९९१ साली सर्वोच्च न्यायालयाने शाळा-कॉलेजांत पर्यावरण सक्तीने शिकवा असा आदेश दिला. सरकारी खाक्याप्रमाणे बारा वर्षे गेली. २००३-०४ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने पदवीच्या सगळ्या शाखांना सहा महिन्यांचा सक्तीचा अभ्यासक्रम आखून दिला. त्याच्या पहिल्याच प्रकरणात पर्यावरण अभ्यासाची 'व्याप्ती आणि महत्त्व'. शेवटी पाच तास प्रत्यक्ष हिंडून पाहण्यासाठी ठेवले होते: जवळची नदी, रान, नेहमीची झाडे, किडे, पाखरे पाहा आणि लिहून काढा. आपल्या घरातली पोरे ही परीक्षा पास झाली. ओझोनचा थर पाठ झाला, व्याप्ती आणि महत्त्व पाठ झाले, आणि पाच तासांची ती वही तालुक्याच्या झेरॉक्सच्या दुकानातून तयार आली. आपल्या बापाच्या विहिरीला जानेवारीत किती परस पाणी असते, हे त्या पोराला कोणी विचारले नाही.

आमच्या मते या विषयाची व्याप्ती आपल्या धुऱ्यापासून सुरू होते. आणि महत्त्व काय म्हणाल, तर ज्याच्या हाती ससा तो पारधी. ज्याच्याकडे पावसाचा, मातीचा, किडीचा आकडा आहे, तो निर्णय करतो. ज्याच्याकडे नाही, त्याच्याविषयी निर्णय होतो.

पावसाचेच घ्या. अतिवृष्टी झाली की नाही हे कोण ठरवते? महसूल मंडळातले पर्जन्यमापक. २४ तासांत ६५ मिलिमीटरच्या वर पाऊस तिथे नोंदला गेला तर मंडळात अतिवृष्टी, नाहीतर नुसता पाऊस. महाराष्ट्रात स्वयंचलित हवामान केंद्रे असलेली मंडळे दोन हजारांच्या थोडी वर, आणि गावे चाळीस हजारांच्या वर. म्हणजे एका केंद्रामागे सरासरी वीस गावे. मृगाचा पाऊस बैलाच्या एका शिंगावर पडतो आणि दुसरे कोरडे राहते, हे आपल्याकडे लहान पोरही सांगेल. वीस गावांवर तो सारखा पडत असेल असे मानणारा माणूस एकतर कधी वावरात गेलेला नाही, किंवा त्याला पैसे द्यायचे नाहीत. समजा, तुमच्या शिवारात रात्रीतून ९० मिलिमीटर झाला, तुरीत गुडघाभर पाणी साचले, आणि मंडळाच्या केंद्रावर ५८ भरले. आता पंचनाम्यासाठी तुम्हाला हातापाया पडावे लागेल. तुमच्याजवळ सांगायला काय आहे? 'लई पाऊस झाला साहेब.' त्यांच्याजवळ ५८ हा आकडा आहे.

पूर्वी आणेवारी होती, मग पैसेवारी आली. ती ५० च्या वर दाखवली की आपण निदान तलाठ्याच्या दारात जाऊन भांडू शकत होतो. २०१६ च्या डिसेंबरात केंद्राने दुष्काळाची नवी संहिता काढली. पावसाची तूट, पावसातला खंड, जमिनीतली ओल, भूजलाची पातळी, उपग्रहावरून मोजलेली पिकाची हिरवाई, असे निकष तिच्यात आले. त्यानंतर २०१८ च्या ऑक्टोबरात महाराष्ट्र सरकारने १५१ तालुक्यांत दुष्काळ जाहीर केला. जे तालुके बाहेर राहिले त्यांना भांडायला तलाठी उरला नव्हता. उपग्रहाशी कसे भांडणार? उपग्रहाला वावर हिरवे दिसते. पऱ्हाटी हिरवी आहे पण तिला बोंडे पाचच आहेत, हे त्याला दिसत नाही. बांधावरचे गवत आणि वावरातले तण यांचाही हिरवा रंगच असतो. हे निकष शास्त्राचे आहेत, त्यांना शास्त्रानेच उत्तर द्यावे लागेल. घोषणा देऊन ते हलणार नाहीत. पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे आम्हाला हे म्हणायचे आहे.

आता मातीकडे या. २०१५ साली मृदा आरोग्य पत्रिकेची योजना आली. कल्पना चांगली. पण त्या योजनेत कोरडवाहू भागात दर १० हेक्टरांना एक नमुना असे ठरले. १० हेक्टर म्हणजे २५ एकर. आपल्याकडे २५ एकरांत पाच-सहा खातेदार असतात. वरच्या अंगाला वीतभर मातीखाली मुरूम लागणारी बरड, खाली नाल्याकाठी पुरुषभर खोल काळी. दोन्हींची मिळून एकच पत्रिका. बरडीवाल्याने ती वाचून खत टाकले तर पैसा पाण्यात.

पण मातीचे खरे दुखणे पत्रिकेत मावणारे नाही. ते ज्वारीत आहे. १९६०-६१ साली महाराष्ट्रात ज्वारी ६० लाख हेक्टरांहून जास्त होती. आता ती त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही खाली आली आहे. का आली? रेशनवर गहू-तांदूळ स्वस्तात वाटला, ज्वारीचा भाव मेला, पाखरे राखायला आणि काढणीला माणूस परवडेना, हायब्रीड ज्वारी काढणीच्या पावसात काळी पडली की व्यापारी तिच्याकडे ढुंकून पाहीना. शेतकऱ्याने ज्वारी सोडली, सोयाबीन धरले. हिशेबाने त्याने बरोबरच केले. पण ज्वारी गेली तेव्हा कडबा गेला. कडबा गेला तेव्हा गोठ्यातली जनावरे कमी झाली. जनावरे गेली, उकिरडा गेला, शेणखताच्या गाड्या बंद झाल्या. आपल्या काळ्या कोरडवाहू जमिनीत सेंद्रिय कर्ब आधीच बहुतेक ठिकाणी अर्ध्या टक्क्याच्या आसपास किंवा त्याखाली. त्यात भर पडायची बंद झाली. कर्ब कमी म्हणजे जमीन पाणी कमी धरते, पावसात पंधरा दिवसांचा खंड पडला की जी पऱ्हाटी पूर्वी तग धरायची ती माना टाकते. दिल्लीत धान्याच्या भावाचा निर्णय झाला, आणि तीस वर्षांनी बोरगावच्या नाहीतर पिंपळगावच्या बरडीवर पीक करपले. या दोन टोकांमधली साखळी दाखवणे हे अभ्यासाचे काम. कॉलेजातल्या पुस्तकात साखळी म्हणून गवत, नाकतोडा, बेडूक, साप दिलेला असतो. तीही खरी आहे, पण आपल्या गळ्याला लागलेली साखळी ही आहे.

खताचेही तसेच. २०१० पासून स्फुरद-पालाशाच्या खतांवर ठरावीक अनुदान देऊन किमती मोकळ्या केल्या, युरियाची किंमत मात्र बांधून ठेवली. स्वाभाविकच युरिया जास्त पडला. ज्याच्या खिशात पैसा कमी, तो स्वस्त ते घेणार. युरिया जास्त झाला की पऱ्हाटी लुसलुशीत होते, लुसलुशीत पानावर मावा-तुडतुडे धावून येतात, मग फवारणी. आणि शेवटी व्याख्यान आपल्यालाच, की शेतकरी खतांचा असमतोल वापर करतो.

हे सगळे नवीन नाही. महात्मा फुल्यांनी १८८३ साली 'शेतकऱ्याचा असूड' लिहिला, त्यात डोंगरातला पालापाचोळा पावसाबरोबर वाहून शेतात यायचा आणि जमीन कशी पोसायची याचा विचार आहे, जंगलखात्याने चराईची राने बंद केल्यावर शेतकऱ्याच्या गुरांचे काय झाले ते आहे, आणि पाणी जमिनीत मुरावे म्हणून जागोजाग बांध घालण्याची सूचना आहे. जागतिक पर्यावरण दिन सुरू होण्याच्या ९० वर्षे आधीची ही गोष्ट. शेतकऱ्याच्या बाजूने केलेला पर्यावरणाचा अभ्यास म्हणजे काय, हे त्या पुस्तकात पाहावे.

बोंडअळीवर थोडे सविस्तर बोलले पाहिजे, कारण तिथे आपल्या चळवळीची भूमिका सगळ्यांना माहीत आहे. तंत्रज्ञान निवडण्याचे स्वातंत्र्य शेतकऱ्याला हवे, यावर आम्ही ठाम आहोत. बीटी कापसाला २००२ च्या मार्चमध्ये परवानगी मिळाली, २००६ साली दोन जनुकांचे बियाणे आले, आणि हिरव्या बोंडअळीच्या फवारण्या खरोखर कमी झाल्या. २०१९ च्या जूनमध्ये अकोला जिल्ह्यात अकोली जहांगीरला शेतकऱ्यांनी बंदी मोडून तणनाशक-सहनशील कापूस लावला, तेही त्याच स्वातंत्र्यासाठी. पण स्वातंत्र्य ज्याला हवे त्याला किडीची चालही कळली पाहिजे. गुलाबी बोंडअळीचे पोट मुख्यतः कापसावर. उलंगवाडी लांबवून फरदड ठेवली, पऱ्हाट्या धुऱ्यावर रचल्या, जिनिंगमध्ये सरकी पडून राहिली, की तिला वर्षभर घर मिळते. वर्षभर तिची गाठ बीटीच्या विषाशीच पडत राहिली, तर ज्या थोड्या अळ्या ते विष पचवतात त्यांचीच पिढी वाढते. त्यासाठी पिशवीबरोबर बिगरबीटीचे १२० ग्रॅमचे पाकीट दिले जायचे: कडेला साधा कापूस असावा, तिथे साध्या अळ्या जगाव्यात, आणि विष पचवणाऱ्या पतंगांची त्यांच्याशी जोडी लागावी. हे पाकीट कशासाठी, हे बांधावर येऊन किती जणांना सांगितले गेले? पाच एकरांच्या मालकाने एकराचा पाचवा हिस्सा अळीला दान करावा असे सांगायचे, तर कारण तरी नीट सांगायला हवे होते. २०१० साली गुजरातच्या काही जिल्ह्यांत पहिल्या बीटीला ही अळी जुमानत नसल्याचे जाहीर झाले. पुढे दुसऱ्या बीटीचीही तीच गत झाली. २०१७ साली महाराष्ट्रात बोंडे फोडून पाहिली तर आत अळी.

त्याच २०१७ मध्ये जुलै ते ऑक्टोबर या महिन्यांत यवतमाळ जिल्ह्यात फवारणीची विषबाधा होऊन २० हून अधिक शेतकरी आणि शेतमजूर मेले, शेकडो दवाखान्यात पडले. कापूस डोक्याइतका वाढलेला, फवारा वर धरायचा, दोन-तीन औषधे एकत्र कालवलेली, हवा कोंडलेली, अंगात नेहमीचाच सदरा. पर्यावरण म्हणजे हवा, पाणी, जमीन असे पुस्तकात असते. फवारणाऱ्या माणसाचे नाक, तोंड आणि कातडी हेही त्यात धरायला हवे, आणि फवारायला जाणारा बहुतेक वेळा सालदार किंवा रोजंदारीचा मजूर असतो, हे आपण आपापसात तरी स्पष्ट बोलले पाहिजे.

फवारायचे की नाही हे दुकानदाराला विचारण्याऐवजी सापळ्याला विचारता येते. कामगंध सापळ्यात सलग तीन रात्री आठ-आठ पतंग सापडले, किंवा शंभरात दहा फुले डोमकळी झालेली दिसली, तर फवारणीची वेळ आली असे शास्त्र सांगते. त्याच्या आत असेल तर औषधाचे पैसे वाचवा. आमच्या बैठकांत काही बायांनी सांगितले की वेचणीच्या वेळी डोमकळी त्यांनाच आधी दिसते. दिसणारच, ओळीओळीने, झाडाझाडाला हात लावून त्याच जातात. तेव्हा वही त्यांच्या हातात असावी, हे ओघानेच आले.

रासायनिक शेती सोडा, सगळे ठीक होईल, असे सांगणाऱ्यांच्या नादी आम्ही लागणार नाही. श्रीलंकेच्या सरकारने २०२१ साली रासायनिक खतांची आयात एका फटक्यात बंद केली आणि सहा-सात महिन्यांत निर्णय मागे घ्यावा लागला. शेतकऱ्याला न विचारता पर्यावरण वाचवायला निघाले की असे होते. शेणखताचे महत्त्व आम्ही वर सांगितलेच. पण ते वर्तमानपत्रातून पडत नाही, त्याला जनावर लागते आणि जनावराला कडबा लागतो.

पाण्याची गोष्ट सगळ्यांना ठाऊक आहे म्हणून थोडक्यात. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे एकराला सुमारे ४ हजार लिटर पाणी. पाच एकरांवर ७०० मिलिमीटर पडला तर १ कोटी ४० लाख लिटर होतात. दहा हजार लिटरचे १,४०० टँकर. ते गेले कुठे, याचा हिशेब गावात कोणाकडे असतो? आपल्या खाली काळा पाषाण आहे, पाणी साठते ते वरच्या कुजलेल्या थरात आणि भेगांत. त्यात जागा थोडी, म्हणून ते लवकर भरते आणि लवकर रिते होते. भूजल सर्वेक्षण यंत्रणा वर्षातून चार वेळा निरीक्षण विहिरी मोजते, पण चाळीस हजारांवर गावांत अशा विहिरी चार हजारांच्या आसपास. हिवरे बाजारला ४०० मिलिमीटरच्या आसपास पाऊस. तिथे दरसाल पाण्याचा ताळेबंद मांडून पिके ठरवतात, आणि उसावर, सिंचनाच्या बोअरवर बंदी आहे ती ग्रामसभेने स्वतः घातलेली, मुंबईहून आलेली नव्हे. त्याहून आम्हाला जवळचे वाटते ते तेव्हाच्या आंध्र प्रदेशातले काम. २००३ पासून सात दुष्काळी जिल्ह्यांतल्या सहाशेहून अधिक वस्त्यांत शेतकऱ्यांनीच पाऊस मोजला, विहिरींची पातळी मोजली, आणि रब्बीच्या तोंडाला सगळ्यांसमोर आकडे मांडले. कोणावर सक्ती नव्हती. पाणी किती आणि पिके किती मागतात हे दिसल्यावर बऱ्याच जणांनी आपापली पिके बदलली. बहुतेक शिकलेले नव्हते. मोजता येत होते, तेवढे पुरले.

आता मुख्य मुद्द्यावर येतो. कोणी म्हणेल, चळवळीने रास्त भाव मागायचा सोडून हे काय काढले? भावासाठीच काढले आहे. कृषी मूल्य आयोग उत्पादनखर्च काढतो तेव्हा बियाणे, खत, मजुरी धरतो, घरच्यांचे कष्ट धरतो, जमिनीचा खंड धरतो, अवजारांची झीज धरतो. जमिनीची झीज धरत नाही. वखराची पास झिजली तर तिचे पैसे खर्चात येतात. ज्या मातीत ती पास चालली तिच्यातून दरसाल कर्ब गेला, गाळ वाहून गेला, त्याचे शून्य. विहीर पाच हात खाली गेली, त्याचेही शून्य. वर्षानुवर्षे तोट्याच्या भावाने कापूस विकून आपण सुताबरोबर आपली जमीनही फुकट देत आलो आहोत. ही वसुली मागायची तर किती झीज झाली ते सांगावे लागेल, आणि ते सांगणारा कागद आज आपल्याकडे नाही. मातीतला कार्बन विकत घेतो म्हणून करारपत्रे घेऊन फिरणारेही आता गावात येऊ लागले आहेत. ज्याच्याजवळ स्वतःच्या मातीचा जुना आकडा नाही, त्याने त्या कागदावर अंगठा उठवू नये, एवढेच तूर्त सांगतो.

ग्रामपंचायतीगणिक स्वयंचलित पर्जन्यमापक बसवण्याची योजना केंद्राने २०२३ साली जाहीर केली आहे. तो येईल तेव्हा येवो. तोवर सरळ कडांचा, सपाट बुडाचा डबा चालतो. झाडापासून आणि भिंतीपासून लांब, झाडाच्या उंचीच्या दुप्पट अंतरावर, जमिनीपासून फूटभर उंच आणि हलणार नाही असा रोवावा. रोज सकाळी साडेआठला पट्टी घालून मिलिमीटर वाचावेत, लिहावेत, पाणी ओतून द्यावे. पाऊस नसेल त्या दिवशी शून्य लिहावे. खंड किती दिवसांचा पडला हे त्या शून्यांवरूनच कळते. सरकार ही नोंद मान्य करणार नाही, हे आम्हाला ठाऊक आहे. पण एका मंडळातल्या पंधरा गावांच्या वह्या एकाच टेबलावर ठेवल्या आणि त्यांतला एकही आकडा केंद्राच्या आकड्याशी जुळला नाही, तर तहसीलदाराला काहीतरी बोलावे लागेल. विहिरी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबरात मोजाव्यात, म्हणजे सरकारी आकड्यांशी ताडून पाहता येतील. गावातल्या चार विहिरी पुरेत: दोन वरच्या अंगाच्या, दोन खालच्या. मातीचा नमुना बरडीचा वेगळा आणि भारी जमिनीचा वेगळा, दोन पिशव्यांत, उन्हाळ्यात पेरणीपूर्वी. कॉलेजात जाणारे पोर घरात असेल तर वही त्याच्याकडे किंवा तिच्याकडे द्यावी. प्रकल्पाचे गुणही त्यातच मिळून जातील.

पुढच्या जिल्हा बैठकीत ठराव आणि भाषणे नेहमीप्रमाणे होतीलच. त्याआधीचा पहिला तास वह्यांसाठी ठेवावा, अशी आमची सूचना आहे. येताना गावाचे नाव, मंडळाचे नाव आणि मृगापासूनचा पाऊस लिहून आणावा. डबा अजून रोवला नसेल त्यांनी निदान विहिरीत दोर सोडून आजची पातळी मोजून यावे.